शाळेसाठी ‘कोट्यवधींचा निधी आणला’? उमेदवारांची तुलना करताना या चुका टाळा

निवडणूक लागली की गुळगुळीत कागदावरचे कार्यअहवाल दारात येऊन पडतात. शाळांच्या पानावर मजकूर ठरलेला असतो: मतदारसंघातल्या शाळांसाठी अमुक कोटी मंजूर. दोघा उमेदवारांची पानं शेजारी ठेवायची आणि ज्याचा आकडा मोठा त्याला मार्क द्यायचे, ही सर्रास होणारी चूक.

मंजुरीनंतर बरंच काही व्हायचं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली बांधायची तर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग बांधकाम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि शेवटी देयक. भूमिपूजनाचा फोटो यातल्या कुठल्याही टप्प्यावर निघतो. म्हणून उमेदवाराला एकच गोष्ट विचारा: किती कामांचे पूर्णत्वाचे दाखले झाले? शिवाय जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून जिल्हा परिषदेला मिळालेला पैसा पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्चता येतो. त्यामुळे एकाच्या काळात आलेल्या निधीतून दुसऱ्याच्या काळात खोली उभी राहते आणि कोनशिलेवर नाव दुसऱ्याचं लागतं.

दुसरी चूक यापेक्षा मोठी आहे: ज्याच्या हातात जे नाही, त्याचं श्रेय किंवा खापर त्याच्या माथी मारणं. जिल्हा परिषद शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. त्यात स्थानिक आमदाराचा हात जवळपास नसतो. शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. आमदार निधी वर्षाला 5 कोटी, पण त्यातच रस्ते, गटारं, सभामंडप सगळं आलं. जिल्हा परिषद सदस्याकडे यातलं फारसं काही नसतं. असतो तो सेसमधला (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला) थोडा पैसा आणि शिक्षण समितीत तोंड उघडायची संधी. मग माजी सदस्य आणि विद्यमान आमदार यांना रुपयांच्या एकाच तराजूत घालून काय कळणार? सदस्याचं काम पाहायचं तर समितीची इतिवृत्तं मागा. धोकादायक खोल्यांच्या निर्लेखनाचा (म्हणजे पाडण्यासाठी त्या नोंदीतून कमी करण्याचा) विषय त्याने लावून धरला होता का, ते तिथे दिसतं. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले, हेही ध्यानात असू द्या. त्यानंतरची कामं कोणी ‘सदस्य म्हणून’ आपल्या नावावर दाखवत असेल तर तारीख विचारा.

वर्षांचा घोळ तर मातब्बर प्रवक्तेही घालतात. 2022-23 चा अर्थसंकल्प मार्चमध्ये महाविकास आघाडी सरकारने मांडला, जूनअखेर सरकार बदललं आणि पैसे खर्च केले पुढच्यांनी. मग त्या वर्षाचा आकडा कोणाचा? तरतूद एकाची, खर्च दुसऱ्याचा, असं वेगळं लिहावं लागतं. 2020-21 मध्ये करोनामुळे राज्याने योजनांचा निधी तरतुदीच्या 33 टक्क्यांपर्यंतच मर्यादित ठेवला. ते वर्ष पायाभूत धरून ‘आमच्या काळात दुप्पट’ म्हणणं सोपं आहे. जानेवारी 2019 पासून सातव्या वेतन आयोगाचे पगार सुरू झाले, त्यामुळेही शिक्षणाचा खर्च फुगला. त्या वाढीतून एकही नवी खोली बांधली गेली नाही. (पगारवाढ हक्काचीच होती, ते वेगळं.) अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे आकडे येतात. प्रत्यक्ष खर्च मागाहून छापला जातो, म्हणून दोन वर्षांनंतरचं पुस्तक उघडा.

‘शाळा’ म्हणजे कोणत्या, हेही आधी ठरवा. अर्थसंकल्पातल्या 2202 या लेखाशीर्षात (सर्वसाधारण शिक्षणाच्या खर्चाच्या खात्यात) प्राथमिक, माध्यमिक शाळांसोबत विद्यापीठं आणि महाविद्यालयंही येतात. आपल्याकडे माध्यमिकचा बराच पैसा खासगी अनुदानित संस्थांच्या वेतन अनुदानात जातो. सरकारी शाळांविषयी बोलायचं असेल तर हा पैसा बाजूला काढावा लागेल. आणि उमेदवारच संस्थाचालक असेल, तर निधी कोणाच्या आवारात पोचला हे नक्की पाहावं.

विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांची संख्या मोजणारे तक्ते फिरतात. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यांच्या नावापुढचं शून्य निरर्थक आहे. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात मालमत्ता आणि गुन्हे कळतात, शाळांचं काम नाही.

आकडे जुळतच नसतील तर गावातल्या शाळेपासून उलट चाला. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यातल्या एखाद्याला कीर्द (जमाखर्चाची वही) आणि इतिवृत्त पाहायला सांगा. शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पटानुसार मिळतं. ते कधी आलं आणि कशावर गेलं, हे तिथे लिहिलेलं असतं. रंगरंगोटी, संगणक, कुंपण यातलं बरंचसं लोकवर्गणीतून झालेलं असतं, तरी अहवालात ते ‘आमच्या प्रयत्नांतून’ म्हणून येतं. वर्गणीदारांची यादी बहुधा शाळेच्या भिंतीवरच सापडते.

कागद दाखवायला कोणी टाळाटाळ केली, तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून आचारसंहिता लागायची वाट बघू नका. मतदान तोंडावर आलं असेल तर प्रचारसभेतच विचारा: कोणत्या शाळेत, कोणत्या योजनेतून, कोणत्या वर्षी, आणि काम पूर्ण झालं का?