आठळ्या, बाठे आणि बिया: वापरताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत फळांच्या बिया वाया जातात त्या बहुतेक दमट हवेमुळे. मे महिन्यात वाशीच्या बाजारातून आंबे-फणस घरी येतात आणि बिया वाळायच्या आत पाऊस दारात येतो.

फणसाच्या ओल्या आठळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. ताज्या आठळीत निम्म्याच्या आसपास पाणीच असतं; पिशवीत घाम सुटतो, मग बुरशी धरते किंवा कोंब फुटतात. गऱ्याचा चिकटा धुवा, पुसा, पंख्याखाली जाळीवर दोन दिवस सुकवा आणि कागदी पिशवीत ठेवा. महिनोन्‌महिने हव्या असतील तर उकडून, सोलून फ्रीझरमध्ये. बुरशी लागलेली आठळी खरवडून वापरणं हा भलता काटकसरीपणा आहे: त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असेल, तर ते भाजून-उकडून पुरतं जात नाही.

दुसरी चूक पिठाची. कच्च्या आठळ्या वाळवून दळतात आणि ते पीठ तसंच लाडवात घालतात. कच्च्या आठळीत ट्रिप्सिन रोधक आणि लेक्टिन हे पचनात अडथळा आणणारे घटक असतात; प्रथिनं नीट पचत नाहीत, पोट फुगतं. आधी कुकरला चार शिट्ट्या, मग पातळ काप, ते कडक होईपर्यंत वाळवणं आणि शेवटी दळणं. तपकिरी साल राहिली तरी चालते, तेवढाच चोथा. पोळी तुटते? आठळीत स्टार्च भरपूर, पण कणीक धरून ठेवणारं ग्लूटेन नाही. चार वाट्या कणकेला एक वाटीच पीठ घ्या. आठळ्या भाजायच्या तर प्रत्येकीला चीर द्या, नाहीतर तव्यावर फुटतात.

आंब्याचा बाठा तुरट लागतो तो टॅनिनमुळे. काप करून रात्रभर भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला, मग भाजा. बाठ्यातली चरबी मुख्यतः स्टिअरिक आणि ओलिक आम्लांची, म्हणून कोको बटरच्या जोडीला चॉकलेट उद्योगात तिला मागणी. पण ओल्या कोया साचवून ठेवल्या की लायपेज हे विकर (एन्झाइम) चरबी तोडतं आणि खवट वास येतो. तेव्हा कोय लवकर फोडा. आत काळा भुगा किंवा भुंगा दिसला तर सरळ टाका.

पपईच्या बियांचा तिखटपणा बी चिरडल्यावरच तयार होतो. कडक भाजलीत तर तो घडवणारं विकर मरतं आणि नुसता कडूपणा उरतो. सावलीत वाळवा, ऐनवेळी कुटा, चिमूटभर घाला. गरोदरपणी अजिबात नको. जांभळाच्या बियांची पूड मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घ्यायची तर आधी डॉक्टरांना विचारा, साखर फार खाली जाऊ शकते.

सफरचंदाच्या बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. त्यातल्या अमिग्डालिनपासून बी चिरडल्यावर सायनाइड सुटतं. चुकून एखादी अख्खी गिळली तर घाबरायचं कारण नाही.

सीताफळाच्या बिया मात्र खाण्याच्या नाहीतच. उवांसाठी त्यांची पूड डोक्याला लावतात, ती डोळ्यांत उतरली तर बुबुळाला इजा होते. तसं झालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा, चोळू नका आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा.