पाण्याच्या ताणातलं झाड: मॉडेल करताना या चुका टाळा

झाडातल्या पाण्याच्या संगणकी मॉडेलमध्ये पानाचं जलविभव (पाणी किती ताणाखाली आहे ते सांगणारा आकडा; जितका जास्त उणे तितका ताण जास्त) आलेखात करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली होत असेल, तर वाहकतेचे, म्हणजे पाणी किती सहज वाहतं त्याचे, आकडे बदलत बसू नका. दोष बहुधा टाइम-स्टेपचा, म्हणजे मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे सरकतं त्याचा, असतो.

हिशेब करून पाहा. पानाची धारिता, म्हणजे विभव १ मेगापास्कलने उतरल्यावर सुटणारं पाणी, दर चौरस मीटर पानाला ०.५ मोल धरा. जमिनीपासून पानापर्यंतची वाहकता तितक्याच पानाला सेकंदाला २ मिलिमोल प्रति मेगापास्कल धरा. ०.५ ला ०.००२ ने भागलं की २५० सेकंद येतात. हा पानातल्या पाण्याच्या साठ्याचा प्रतिसादकाळ. साधी ऑयलर पद्धत (स्टेपच्या सुरुवातीचा दर पूर्ण स्टेपभर तसाच धरणारी) याच्या दुपटीपर्यंतच, म्हणजे ५०० सेकंदांपर्यंत, टिकते. तासाचा स्टेप घेतला तर १ − ३६००/२५० = −१३.४. म्हणजे दर तासाला चूक साडेतेरा पटींच्या आसपास वाढते आणि चिन्हही पालटते. उपाय सोपा आहे: अव्यक्त पद्धत (दर स्टेपच्या शेवटच्या विभवावरून काढणारी) वापरा, किंवा त्या स्टेपपुरतं समतोल विभव काढून त्यापासूनचा फरक घातांकी पद्धतीने कमी करा.

ताण वाढून वाहकता दशांशावर आली की प्रतिसादकाळ २५०० सेकंदांच्या घरात जातो आणि तोच आलेख काहीसा शांत होतो. मॉडेल सुधारलं असं समजू नका. त्या खोट्या उड्यांनी तोवर नुकसान केलेलं असतं, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

जलवाहिन्यांत हवा शिरून घटलेली वाहकता विभव सुधारताच परत येत नाही. अनेक मॉडेलांत मात्र वाहकता फक्त चालू विभवावरून काढतात, त्यामुळे एका पावसात झाड नव्यासारखं होतं. प्रत्येक अवयवाचं आजवरचं सर्वांत खालचं विभव साठवून ठेवा आणि वाहकता त्यावरून काढा. नवं काष्ठ वाढतं तेवढीच भरपाई द्या.

धारिता एकच स्थिर आकडा ठेवणं ही तितकीच मोठी चूक. पेशींचा ताठरपणा संपण्याच्या बिंदूच्या वर आणि खाली पानाची धारिता वेगळी असते; सहसा खाली ती वाढते. दाब-आकारमान वक्रावरून (पानातलं पाणी घटत जाताना विभव कसं उतरतं त्याच्या आलेखावरून) दोन आकडे काढा.

पर्णरंध्रं मिटली म्हणजे पाणी जाणं थांबलं, असं धरू नका. क्युटिकलमधून, म्हणजे पानावरच्या मेणचट आवरणातून, गळती चालूच राहते. रंध्रं मिटल्यावर उरणारी बाष्पाची किमान वाहकता दर चौरस मीटरला सेकंदाला ४ मिलिमोल, हवेची बाष्पतूट (हवेचा कोरडेपणा) २ किलोपास्कल आणि हवेचा दाब १०० किलोपास्कल असेल, तर दर चौरस मीटर पानातून २४ तासांत सुमारे १२४ ग्रॅम पाणी जातं. दीर्घ कोरड्या काळात झाड किती दिवस तगेल ते हाच आकडा ठरवतो. तिथे शून्य टाकलं तर मॉडेलमधलं झाड मरतच नाही.

जमिनीच्या थरांची सरळ सरासरी काढू नका. वरचा थर −३ आणि खालचा −०.२ मेगापास्कलवर असेल तर सरासरी −१.६ येते, आणि −१.५ हा मरणोक्त बिंदू (ज्याखाली झाडाला जमिनीतलं पाणी घेता येत नाही) धरणारं मॉडेल पाणी शोषणंच बंद करतं. कोरड्या थराची वाहकता ओल्या थराच्या शंभरावा भाग असेल, तर वाहकतेचं वजन लावून उत्तर −०.२३ येतं. पहाटेचं विभव याच्या जवळ असायला हवं. उंच झाडात दर मीटरला ०.०१ मेगापास्कल गुरुत्वाचे वजा करा, नाहीतर ३० मीटरवरचं पान ०.३ ने चुकेल.

एककं: १ मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटर जमिनीला ५५.५ मोल. जमिनीला, पानाला नव्हे. पर्णक्षेत्र निर्देशांकाने (दर चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पानं त्या आकड्याने) भागायचं राहिलं तर सगळंच त्या पटीत फुगतं.

साठा खरंच काम करतोय का हे तपासायला शेंड्यातलं बाष्पोत्सर्जन आणि खोडाच्या बुडातला रसप्रवाह एकाच आलेखावर काढा. सकाळी बुडाचा प्रवाह मागे राहिला पाहिजे, आणि सूर्यास्तानंतरही साठा भरेपर्यंत तो चालू दिसला पाहिजे. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर साठा मॉडेलमध्ये जोडलेलाच नाही किंवा नगण्य आहे.