बचत गटाचा उद्योग सुरू करताय? आधी मजुरीचा हिशोब मांडा

महिन्यातून दोन-तीन मेसेज तरी येतातच, ताई आमच्या गावात बायकांसाठी काहीतरी उद्योग सुरू करायचाय, ग्रँट कुठून मिळेल ते सांगा. ग्रँटचं नंतर बघू. तुमची वस्तू कोण विकत घेणार आणि एकदा घेतल्यावर परत का घेणार, ते आधी सांगा. गेली आठ वर्षं मी आमच्या तालुक्यातल्या गटांसोबत चटण्या-मसाल्यांचं काम करतेय, आणि जे गट बंद पडले ते बहुतेक याच प्रश्नावर अडकले. प्रदर्शनात लोक "बायकांना मदत होईल" म्हणून एक पाकीट घेतात, पण दुसरं पाकीट घेतात ते फक्त चव आवडली तरच.

लिज्जत पापडची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 15 मार्च 1959, गिरगावातली गच्ची, सात बायका, 80 रुपये, पहिल्या दिवशी चार पाकिटं. पण त्यातला कामाचा भाग सांगायचा राहून जातो. ते 80 रुपये उसने घेतलेले होते, देणगी नव्हती. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करायच्या, एक जरा स्वस्तातला, तर छगनलाल पारेखांनी (उसने पैसे त्यांनीच दिले होते) सांगितलं की एकच करा पण चांगला करा. आणि पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं, तर दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला, खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, झालं काम सुरू. मला या सगळ्या गोष्टीत ती खाट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बाईच्या घरात चार महिने पैसे येणार नसतील तर ती दुसरीकडे कामाला जाणारच, तिला का दोष द्यायचा. तुमचा माल कुठल्या महिन्यात अडतो ते आत्ताच लिहून काढा, आणि त्या महिन्यात काय करायचं तेही.

लिज्जतची कामाची पद्धतही बघण्यासारखी आहे. पीठ शाखेत एकाच जागी मळलं जातं म्हणजे चव सगळीकडे सारखी, लाटणं बायकांच्या घरी म्हणजे लेकरं-सासू-सासरे सांभाळून काम होतं, आणि लाटलेले पापड आणून दिले की तपासून, वजन करून लाटणावळ मिळते. चवीचं काम एका जागी ठेवा आणि हाताचं काम घरी जाऊ द्या, हे आम्ही तिथूनच उचललं. आधी आमच्यात प्रत्येकजण आपापल्या घरी मसाला भाजायची आणि एकाच लेबलखाली पाच चवी निघायच्या, गिऱ्हाईक म्हणायचं मागच्या वेळचं बरं होतं.

आता हिशोब. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच बुडतं. आमचीच शेंगदाणा चटणी घ्या, 200 ग्रॅमचं पाकीट 60 रुपयांना. शेंगदाणे, लसूण, मिरची, तेल, पाकीट, लेबल, गॅस, टेम्पो असं सगळं धरून 43 रुपये खर्च, म्हणजे 17 रुपये सुटले, आम्ही खूश. 50 पाकिटांना 850 रुपये. पण ती 50 पाकिटं करायला चार जणी पाच-पाच तास बसल्या होत्या, म्हणजे वीस तास, म्हणजे तासाला साडेबेचाळीस रुपये. इथवर ठीक. मग एका दुकानदाराने माल ठेवायचं कबूल केलं, 25 टक्के कमिशनवर. पाकिटामागे 15 रुपये त्याचे, आमच्याकडे उरले 2, म्हणजे 50 पाकिटांना 100 रुपये आणि तासाला पाच रुपये मजुरी! कुणी फसवलं नव्हतं, आम्हीच मजुरी खर्चात धरलेली नव्हती. म्हणून किंमत ठरवताना मजुरी पहिल्या ओळीत लिहा, तुमच्याकडे शेतमजुरीचा जो दर असेल त्यापेक्षा कमी नको, मग कच्चा माल, मग दुकानदाराचं कमिशन, आणि एवढं करून किंमत बाजारात बसत नसेल तर वस्तू बदला, बायकांची मजुरी कापू नका.

उधारीचं पण तसंच. एका कंपनीने दिवाळीला 300 गिफ्ट बॉक्स घेतले आणि पैसे दिले पाच महिन्यांनी. ऑर्डर मोठी होती, फोटो काढले, गावात पेढे वाटले, आणि नंतर शेंगदाणे घ्यायला पैसे नव्हते. तेव्हापासून मोठ्या ऑर्डरला निम्मे पैसे आधी, नाहीतर ऑर्डर नाही. मागायला लाज वाटते पहिल्यांदा, मागायचे.

वस्तूच विकायची असं काही नाही, सेवा पण चालते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना 1993 पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, महापालिकेशी करार करून. घरोघरचा कचरा उचलायचे महिन्याचे पैसे घरवाले देतात आणि वेगळा काढलेला भंगार माल विकून येतात ते वेगळे. एक वाट आटली तर दुसरी असते, तुमच्या उद्योगात अशी दुसरी वाट कुठली ते शोधा.

आणि शोधताना बायकांनाच विचारा. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी ही बायकांची बँक (1997 मध्ये चेतना सिन्हांनी काढलेली) सुरू झाली ती एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पैसे साठवायचे होते आणि तिचं खातं कुठली बँक उघडेना म्हणून. पावसाळ्यासाठी ताडपत्री घ्यायची होती तिला. बाहेरून आलेला माणूस म्हणाला असता कर्ज द्या, ट्रेनिंग द्या. तिला खातं हवं होतं.

नोंदणीवरून लोक फार अडकतात, म्हणून थोडक्यात. सुरुवातीला गट पुरेसा आहे, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची (म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याची) नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. पुढे वाढलात की नफा बायकांमध्ये वाटायचा असेल तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी (माल करणारेच तिचे मालक), देणग्या घ्यायच्या असतील तर ट्रस्ट किंवा सेक्शन 8 कंपनी (समाजकामासाठीची कंपनी), पण त्यात नफा सभासदांना वाटता येत नाही. हे बायकांना बसवून नीट समजावून सांगा, सीएने सांगितलं म्हणून सही करू नका.

शेवटचं काम, साधारण वर्षभराने करा. पंधरा दिवस तुम्ही जाऊच नका. फोन पण घेऊ नका. मी आईच्या आजारपणात गेले होते तेव्हा तिसऱ्याच दिवशी काम थांबलं, कारण लेबलवाल्याचा नंबर माझ्याच फोनमध्ये, बँकेत माझी सही लागायची आणि मसाल्याचं प्रमाण माझ्याच वहीत. आता प्रमाण भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, सहीला तिघीजणी आहेत, दोघींच्या सह्या लागतात, आणि लेबलवाल्याशी भाव करायला संगीताताई जातात, माझ्यापेक्षा पाकिटामागे तीस पैसे कमी करून आणल्यात त्यांनी.