महालक्ष्म्यांपासून येळवसेपर्यंत घरातले प्लास्टिक कसे हाताळावे

मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींच्या, आधीच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तेल, बेसन, रवा आणि साखरेच्या पिशव्या साठू लागतात. त्यांचे काय करायचे ते विसर्जनानंतर पाहू, हा बेत सहसा फसतो, कारण तोवर पुरणाचे खरकटे, भाज्यांची देठे आणि पिशव्या एकाच डब्यात कालवलेल्या असतात, आणि खरकटे लागलेले प्लास्टिक भंगारवाला हातात धरत नाही. म्हणून पहिले सामान घरात येईल त्याच दिवशी दाराआड एक रिकामे पोते टांगावे आणि त्यात फक्त कोरडे, स्वच्छ प्लास्टिक टाकावे.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नये. तिरपा छेद देऊन टोक पिशवीलाच लोंबते ठेवावे, कारण नखाएवढा तो तुकडा एकदा नालीत गेला की पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही. पिशवी घोटभर पाण्याने विसळून ते पांढरे पाणी कणीक भिजवायला घ्यावे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात पिशव्या नळाखाली धुवा, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. तेलाची पिशवी रात्रभर उलटी ठेवून निथळू द्यावी, मग तीन बाजूंनी उसवून आतून चमचाभर कोरडे बेसन चोळावे. पिशवी कोरडी होते आणि ते बेसन पिठल्यात खपते. फरसाणाची आतून चंदेरी असलेली वेष्टने मात्र अनेक थरांची असल्यामुळे भंगारात विकली जात नाहीत. ती वेगळी बांधून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात द्यावीत.

साडीच्या दुकानातून मिळणारी, कापडासारखी दिसणारी पिशवी अनेकांना फसवते. ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते, आणि गच्चीवर उन्हात पडून राहिली की तिचा भुगा मातीत मिसळतो. ती सावलीत ठेवून फाटेपर्यंत वापरावी.

सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकची ताटे-पेले आणि मिठाईच्या खोक्यावरची प्लास्टिकची पातळ वेष्टने यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग ३१ डिसेंबर २०२२ पासून चालत नाहीत. माळ्यावर जुने मखर असेल, तर ते विहिरीत सोडू नये.

अभ्यंगस्नानाच्या पहाटे बंब पेटवताना हाताशी आलेली पिशवी किंवा जुने तोरण आत सारण्याची सवय घातक आहे, कारण पीव्हीसी या प्लास्टिकच्या माळा जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्ये बाहेर पडतात, आणि तो धूर न्हाणीघरातच कोंडतो. उरलेले अन्न पिशवीत गाठ मारून रस्त्यावर ठेवणे तर त्याहून वाईट. वासाने आलेली गाय गाठीसकट पिशवी गिळते आणि ते प्लास्टिक तिच्या पोटात साचत जाते. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणारे हातच महिनाभरात हे करतात. अन्न उघडे, घमेल्यात द्यावे.

निर्माल्यातील हारांचे नायलॉनचे दोरे आणि चमकी आधी काढाव्यात.

दिवाळीनंतर पोते भंगारवाल्याला द्यावे, पण एक रिकामे पोते घरी राखून ठेवावे, कारण लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, अजून बाकी असते. आंबिलाचे बिंदगे शेतात नेताना ते पोतेही सोबत न्यावे आणि पंगत उठताच बाटल्या मोजून त्यात भराव्यात. काळ्या रानात पुरलेली बाटली पुढच्या नांगरटीला फाळाबरोबर वर येते.