भिंतीवर नैसर्गिक दगडाचं पातळ क्लॅडिंग लावताय? या चुका टाळा

क्लॅडिंगचा एखादा तुकडा निखळला की आधी दगडाला बोल लावला जातो, मग केमिकलला, म्हणजे दगड चिकटवणाऱ्या अ‍ॅडेसिव्हला. मुंबईतल्या घरांत खरा दोष बहुतेक वेळा या दोन्हींच्या मागे, भिंतीत सापडतो. फोर्टमधल्या राजाबाई टॉवरचा दगड ही भिंतच आहे, आपलं वजन तो स्वतः पेलतो. आपण हॉलमध्ये लावतो तो दगड जेमतेम इंचभर जाडीचा असतो. चौरस फुटाला साधारण ६ किलो धरा. म्हणजे १० बाय १० च्या भिंतीवर ६०० किलो, आणि ते सगळं मागच्या पृष्ठभागाला चिकटून राहणार. म्हणून दगड निवडण्याआधी भिंत तपासा.

जिप्समवर थेट दगड लावणं

नव्या इमारतींत आतल्या भिंतींवर सिमेंटच्या गिलाव्याऐवजी बऱ्याचदा जिप्सम असतं, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. मिस्त्री रंगावर चार टाचे मारतो आणि दगड चढवायला लागतो. सिमेंटचं अ‍ॅडेसिव्ह, जिप्सम आणि ओल एकत्र आली की दोन थरांच्या मध्ये एट्रिंगाइट नावाचं खनिज तयार होतं. ते फुगतं आणि दगडाला अ‍ॅडेसिव्हसकट भिंतीपासून सुटं करतं. हे लगेच होत नाही, त्यामुळे काम संपवून मिस्त्री गेलेला असतो.

कोपऱ्यात खिळ्याने खरवडून बघा. मऊ पांढरी भुकटी सहज निघाली, तर ती पुट्टी किंवा जिप्सम आहे. विटा, ब्लॉक किंवा काँक्रीट लागेपर्यंत ते सगळं काढायला लावा. धूळ होईल, खर्च वाढेल, तरी इथे तडजोड नको. मायवान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेल्या इमारतीत आतून गुळगुळीत काँक्रीट निघतं आणि त्यावर साच्याला लावलेल्या तेलाचा अंश असू शकतो. ते ग्राइंडरने घासून खरखरीत करावं लागतं. ब्लॉकची भिंत कॉलमला मिळते त्या सांध्यावर जाळी मारून मगच गिलावा करा, नाहीतर तिथली चीर दगडांच्या सांध्यातून बाहेर येते. नव्या गिलाव्याला पाणी मारून पुरते २८ दिवस द्या. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर एवढं वजन लादू नका.

ओल झाकण्यासाठी दगड लावणं

पश्चिमेच्या भिंतीला डाग पडतात, पापुद्रे सुटतात, म्हणून तिथे दगड लावून टाकू, हा विचार मुंबईत फार होतो. दगडाने ओल थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. पाणी आतले क्षार घेऊन दगडातून बाहेर येतं आणि पृष्ठभागावर क्षारांचा पांढरा लोणा फुटतो. आधी बाहेरची चीर, खिडकीची कड, वरच्या मजल्याचं बाथरूम यांतलं कारण शोधा. बाहेरची भिंत सोसायटीच्या अखत्यारीत येते, तेव्हा लेखी अर्ज आधीच द्या. भिंत पावसाळ्यात बघून ठेवा आणि दगड दिवाळीनंतर लावा. शंका असेल तर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून एक दिवस ठेवा. आत दव जमलं किंवा खालची जागा काळपट झाली, तर थांबा.

केमिकलचे पाच गोळे

चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक गोळा ठेवून दगड दाबायची सवय साइटवर सर्रास दिसते. मधली पोकळी पाणी धरते आणि दगडाची पकड अर्ध्यावर येते. भिंतीवर दातेरी थापीने थर द्या, दगडाच्या पाठीवरही पातळ थर ओढा. त्याआधी दगडाची पाठ ब्रशने धुऊन वाळवा, कारण कटिंगची भुकटी राहिली तर अ‍ॅडेसिव्ह त्या भुकटीलाच चिकटतं. घट्ट झालेल्या घमेल्यात पुन्हा पाणी घालून ढवळू देऊ नका, तो माल फेकायचा. पंखा बंद ठेवा. गोणीवर आयएस १५४७७ (टाइल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक) आणि त्यापुढचा टाइप वाचा, नैसर्गिक दगडासाठी शिफारस आहे का ते पाहा. फिकट दगडाला पांढरंच अ‍ॅडेसिव्ह लागतं, करड्याची छाया वर उमटते.

मांडणीचं थोडक्यात: तीन-चार पेट्या एकदम उघडून तुकडे मिसळा, आधी जमिनीवर रचून बघा, उभे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. सुरुवात कोपऱ्याच्या एल आकाराच्या तुकड्यांनी करा. बाहेर मातीपासून ४ इंच आणि फरशीपासून २ इंच जागा सोडा.

दगड पडलाच तर

पडलेला तुकडा फेकू नका, उलटा करून पाठ बघा. अ‍ॅडेसिव्ह दगडाला चिकटून आलं आणि भिंत उघडी पडली, तर दोष भिंतीचा: पुट्टी, तेल किंवा ओल. अ‍ॅडेसिव्ह भिंतीवर राहिलं आणि दगडाची पाठ कोरी असेल, तर भुकटी पुसली नव्हती किंवा थर आधीच सुकला होता. पहिल्या प्रकारात तो एक तुकडा परत चिकटवून भागत नाही. आजूबाजूचे दगड नाण्याने वाजवा, जिथे पोकळ आवाज येईल तिथवर काढा.

पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडा. अ‍ॅसिड अजिबात नको. कोटा, कडप्पा, जैसलमेर हे चुनखडीचे दगड आहेत आणि अ‍ॅसिड त्यांचा पृष्ठभाग खातं. स्लेटवर तांबूस ओघळ आले तर ते बहुधा दगडातल्या लोहाचे असतात. घासून उपयोग नाही, त्याला पाणी लागू न देणं हाच उपाय. सीलर, म्हणजे दगडात पाणी शिरू न देणारा लेप, लावायची घाईही करू नका. भिंत पूर्ण सुकल्यावर, वाफ बाहेर जाऊ देणारा, दगडात मुरणारा सीलर घ्या आणि उरलेल्या एका तुकड्यावर आधी लावून बघा. चकचकीत थर देणारा सीलर ओल आत कोंडतो आणि पहिल्याच पावसाळ्यात दुधाळ पडतो.