सूर्याच्या फ्लेअरमधले गॅमा किरण घरच्या लॅपटॉपवर कसे शोधायचे

दुर्बीण नको, गच्ची नको, लॅपटॉप आणि बऱ्यापैकी नेट असलं की झालं. नासाची गॅमा किरण टिपणारी फर्मी दुर्बीण 2008 पासून वर फिरतेय आणि तिचा डेटा फुकट मिळतो.

पहिल्याच फटक्यात कालचा फ्लेअर (सूर्यावर अचानक उडणारा भडका) घेऊ नका, 7 मार्च 2012 चा घ्या. एक्स 5.4 क्लासचा होता (एक्स म्हणजे सगळ्यात जोरदार वर्ग) आणि मेन भडका विझल्यावरही गॅमा किरण जवळपास 20 तास येत राहिले, त्यामुळे नवख्या माणसालाही हमखास सापडतो.

लॅट म्हणजे फर्मीवरचं मुख्य उपकरण, त्याच्या डेटाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये सूर्याची त्या दिवशीची आकाशातली जागा टाकायची, विषुवांश 348 अंश, क्रांती उणे 5 (हे आकाशातले रेखांश-अक्षांश). भोवती 12 अंशांचं वर्तुळ घ्या, कमी घेऊन चालत नाही कारण 100 एमईव्हीला (मिलियन इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं माप) फोटॉन, म्हणजे गॅमा किरणाचा कण, नेमका कुठून आला ते चार-पाच अंश इकडेतिकडे होतंच. एनर्जी 100 एमईव्हीच्या वर. स्पेसक्राफ्ट फाइलची (फर्मी केव्हा कुठे होती, कुठे बघत होती त्याची नोंद) टिक विसरू नका.

आता वेळ, इथेच सगळे आपटतात. फर्मीचं घड्याळ 1 जानेवारी 2001 पासूनचे सेकंद मोजतं, फ्लेअरचं शिखर म्हणजे 352772642. ते यूटी (जागतिक वेळ) 00:24, आपल्याकडे पहाटेचे 5:54. मी पहिल्यांदा 5:54 तसंच ठोकलं आणि अख्खी संध्याकाळ शिखर शोधत बसलो.

झेनिथ अँगल (पृथ्वीच्या बरोबर उलट्या दिशेपासूनचा कोन) 100 अंशांच्या आत ठेवा, नाहीतर पृथ्वीच्या हवेतून येणारे गॅमा पण मोजले जातात. मग पाच-पाच मिनिटांचे गठ्ठे करून ग्राफ काढा. मधेमधे शून्य दिसेल, दचकू नका, फर्मी साधारण 95 मिनिटांत एक फेरी मारते आणि त्यातला बराच वेळ सूर्य तिच्या समोर नसतोच, म्हणून नुसते फोटॉन मोजू नका, स्पेसक्राफ्ट फाइलवरून एक्सपोजर (सूर्य किती वेळ आणि किती नीट नजरेत होता त्याचं माप) काढून त्याने भागा. आणि भडक्याची पहिली काही मिनिटं तर विश्वासच ठेवू नका, एक्स-रेंचा एवढा मारा असतो की लॅटचं बाहेरचं कवच, जे नको असलेले भारित कण ओळखायला असतं, ते खरे फोटॉनही कचरा समजून टाकून देतं.

एवढा वेळ गॅमा येतात म्हणजे 300 एमईव्हीच्या वरचे प्रोटॉन तासन् तास सूर्यावर आदळतायत, त्यातून पायॉन नावाचे क्षणभर टिकणारे कण, पायॉन फुटून गॅमा. प्रोटॉनना एवढा रेटा कोण देतं यावर वाद चालूच आहे, मला सीएमईचा (सूर्यातून उसळणाऱ्या प्लाझ्माच्या ढगाचा) शॉक, म्हणजे त्याच्या पुढची धक्का-लाट, जास्त पटतो.

हे जमलं की फर्मीवरच्या जीबीएम या दुसऱ्या उपकरणाच्या बीजीओ डिटेक्टरमध्ये 2.223 एमईव्हीची रेघ (प्रोटॉनने न्यूट्रॉन पकडला की निघणारा गॅमा) शोधा. आदित्य-एल1 वर बघू म्हणाल तर त्यावरचा हेलिओस हा एक्स-रे डिटेक्टर 150 केईव्हीलाच (0.15 एमईव्ही) थांबतो.