डार्टमूरवर पहिल्यांदा चालायला जाताना

डार्टमूरला जायचं म्हटलं की लोक आधी किती किलोमीटर चालायचं ते ठरवतात. मी म्हणेन, आधी परत कसं यायचं ते ठरवा. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमधला हा ९५४ चौरस किलोमीटरचा उघडा माळ १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या मधल्या भागात मैलोन्‌मैल झाड नसतं. आणि धुकं उतरलं की ज्या टॉरकडे, म्हणजे माथ्यावरच्या ग्रॅनाइटच्या खडकाकडे, बघत तुम्ही चाललेले असता, तोच आधी गडप होतो.

म्हणून पहिली फेरी अशी निवडा की हाताशी धरायला काहीतरी ठळक असेल: गाडीवाट, दगडी गडगा, पाण्याचा पाट. माझी पसंती माळावरच्या प्रिन्सटाउन गावाहून दक्षिणेला, साउथ हेसरी टॉरवरून नन्स क्रॉसपर्यंत. सुमारे ४ किलोमीटर, वाट ठळक, शेवटी माणसापेक्षा उंच असा ग्रॅनाइटचा जुना क्रूस. जवळच डेव्हनपोर्ट लीट हा अठराव्या शतकाच्या शेवटी खणलेला पाट बोगद्यात शिरतो. डबा तिथे खा आणि आल्या वाटेने परता. पूर्वेला फॉक्स टॉर मायर्सचा हिरवागार सपाट भाग खुणावेल, पण तिकडे उतरू नका. ती दलदल आहे.

दलदल ओळखायला शिकणं फार गरजेचं. उतार धरून खाली गेलं की निभावतं, ही सवय इथे घात करते, कारण पाणी खोलगट जागीच साचतं. माथ्यावरचा सपाट भागही ओला असू शकतो. पांढऱ्या कापसासारखे तुरे डोलताना दिसले की जमीन भिजलेली समजा. तजेलदार पोपटी शेवाळाचा पट्टा दिसला तर वळसाच घ्या. काठीने दाबून बघा, काठीभोवतीचा सगळा थर हलतो. खाली पाणी असतं. गवताच्या उंच झुबक्यांमधून चालायचं तर वेग निम्म्यावर येतो, तेव्हा वेळेचा हिशोब तसाच करा.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा, क्रमांक ओएल२८, प्रमाण १:२५,०००. सोबत होकायंत्र, आणि ते वापरता यायला हवं. फोनवर विसंबू नका, रेंज बऱ्याच ठिकाणी नसते.

उत्तरेकडे जाणार असाल तर आणखी एक काम. ओकहॅम्प्टन, विल्सवर्दी आणि मेरिव्हेल इथे लष्कराची गोळीबाराची मैदानं आहेत, आणि ६२१ मीटर उंचीचं सर्वोच्च शिखर हाय विल्हेज त्याच भागात येतं. गोळीबाराचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते निघण्याआधी बघायचंच. दिवसा लाल निशाण, रात्री लाल दिवा दिसला तर मैदानाची हद्द दाखवणाऱ्या लाल-पांढऱ्या खांबांच्या आत पाऊल नाही. वाटेत धातूची वस्तू पडलेली दिसली तर हात लावू नका.

महिना? मला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर आवडतो. हेदर हे माळावरचं खुरटं झुडूप जांभळं फुललेलं असतं आणि जमीन त्यातल्या त्यात कोरडी. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे तेव्हा छोटीच फेरी. कुत्रा सोबत असेल तर १ मार्च ते ३१ जुलै त्याला पट्ट्याला बांधूनच न्यावं लागतं, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी. तट्टं रानटी वाटली तरी प्रत्येकाचा मालक असतो. त्यांना खायला घालायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे: खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात.

पिशवीत पावसाचं जाकीट, लोकरी टोपी, कोरडे मोजे, डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी. अडकलात तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा. फोन लागला तर ९९९, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतेन, हे घरी कुणाला तरी सांगून निघा. नेचाच्या झुडपांतून गेला असाल तर परतल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड चिकटलीय का ते नीट बघा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा.